कोरड्या पाषाणातून वाहिलेले पाणी : चॉसरच्या एका कथेविषयी

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण आपल्याकडे बहुधा वाद मिटविण्यासाठी वापरली जाते. उपदेशकाचे वर्तन उघडे पडले की त्याचा उपदेशही निकालात निघतो आणि ऐकणारा मोकळा होतो. पण पाषाणाने सांगितलेले ब्रह्मज्ञान मुळात खरेच असेल, तर ऐकणाऱ्याने त्याचे काय करावे? हा प्रश्न म्हण विचारीत नाही. तो सहाशे वर्षांपूर्वी एका इंग्लिश कवीने विचारला, आणि एका अट्टल लबाडाच्या तोंडी अत्यंत खरी कथा घालून विचारला. जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील पार्डनरची कथा ती हीच. श्रद्धावंत वाचकाने ही कथा अवघडून टाळू नये. किंबहुना इतरांपेक्षा आपणच ती अधिक बारकाईने वाचावी, असे आम्हांला वाटते.

ग्रंथाची मांडणी अनेकांना ठाऊक असेल. लंडनलगतच्या सदर्क येथील टॅबर्ड नावाच्या सराईत तीसेक यात्रेकरू जमतात. ११७० साली कँटरबरीच्या महामंदिरात ज्याची हत्या झाली, त्या संत थॉमस बेकेटच्या समाधीच्या दर्शनाला ते निघाले आहेत. वाटेत प्रत्येकाने कथा सांगाव्यात अशी टूम सराईचा मालक हॅरी बेली काढतो. चॉसरने १३८७च्या सुमारास हा ग्रंथ हाती घेतला आणि १४०० साली तो वारला तेव्हा तो अपुराच होता. चोवीस कथा आपल्या हाती आहेत. काळ मोठा बिकट. १३४८ साली इंग्लंडमध्ये शिरलेल्या प्लेगच्या महामारीची आठवण घरोघरी ताजी होती आणि ती साथ पुनःपुन्हा परतत होती. १३७८पासून ख्रिस्तसभेत एकाच वेळी दोन पोप आपापला अधिकार सांगत होते. मृत्यू दाराशी आणि अधिकारपीठावर भांडण, अशा दिवसांत सामान्य माणूस क्षमेच्या शोधात कोणाच्याही मागे गेला असता. पार्डनराचा धंदा चालला तो या भुकेवर.

पार्डनर म्हणजे क्षमापत्रे घेऊन गावोगाव फिरणारा. पापाच्या ऐहिक दंडातून मिळणारी सूट ख्रिस्तसभा काही सत्कृत्यांशी जोडते. रुग्णालय किंवा पूल यांसाठी दिलेले दान हे त्यांपैकी एक. ते दान गोळा करण्यासाठी परवाना घेऊन हे लोक हिंडत. चॉसरचा पार्डनर लंडनच्या चेरिंग क्रॉसजवळील रौन्सिव्हल रुग्णालयाचा. क्षमापत्राला पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांची जोड लागते आणि पापमुक्ती देण्याचा अधिकार पार्डनराला मुळीच नव्हता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. हा गृहस्थ मात्र आपल्या अधिकाराने सर्वांना मुक्त करतो! त्याच्या झोळीत रोमहून ताजी आलेली क्षमापत्रे आहेत. एक उशीचा अभ्रा आहे, तो म्हणे पवित्र मरियेचा पदर. संत पेत्राच्या नावेच्या शिडाचा तुकडा आहे. काचेच्या भांड्यात डुकराची हाडे आहेत. गावातला गरीब धर्मगुरू दोन महिन्यांत मिळवील त्याहून अधिक तो एका दिवसात मिळवितो.

प्रॉटेस्टंट इतिहासकार जॉन फॉक्स याने १५७० साली चॉसरला विक्लिफच्या पंथाचा ठरवून टाकले. पुढे शाळा-कॉलेजांतूनही ‘चर्चवर कोरडे ओढणारा कवी’ हेच त्याचे चित्र रूढ झाले आणि आमच्यातील कित्येकांनी मग त्याला दूरच ठेवले. हा दुरावा निराधार आहे. भोंदू अवशेष आणि दान गोळा करणारे तोतये यांच्याविरुद्ध १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेनेच नियम केला होता. आणि तो पुरेना म्हणून ट्रेंट परिषदेने १५६२ साली हे पदच कायमचे रद्द केले. जे परिषदेने ठरावात सांगितले ते चॉसरने त्याआधी पावणेदोनशे वर्षे कथेत सांगितले. त्याची टीका घरातल्या माणसाची आहे. शेवटी यात्रेकरू कँटरबरीकडेच चालले आहेत, आणि ग्रंथाचा शेवट प्रायश्चित्तावरील प्रवचनाने होतो.

आता पार्डनराकडे वळू. हॅरी बेली त्याला काहीतरी गमतीचे सांग म्हणतो. त्यावर प्रतिष्ठित मंडळी घाबरून ओरडतात : वाह्यात काही नको, बोधपर सांग! ‘हरकत नाही,’ पार्डनर म्हणतो, ‘पण आधी घोटभर पिऊन बोधपर काय ते आठवतो.’ मद्यपानाचा निषेध करणारे प्रवचन मद्याच्या गुत्त्याशी उभे राहून होते, ही झाली पहिली विसंगती. मग तो आपले सारे कसब उघड करून दाखवितो. त्याचा विषय कायम एकच : द्रव्याचा लोभ हे सर्व अनर्थांचे मूळ, हे पौलाचे तीमथ्याला लिहिलेले वचन. हेतूही कायम एकच : द्रव्य! गावातील सर्वांत गरीब विधवेकडूनही, तिची पोरे उपाशी मरोत, आपण दान काढू, असे तो बजावतो. त्याची एक युक्ती तर थक्क करणारी आहे. प्रवचनाअंती तो जाहीर करतो की, ज्याने सांगण्याची लाज वाटावी असे घोर पाप केले असेल, किंवा जिने नवऱ्याला फसविले असेल, त्यांना माझ्या अवशेषांपुढे दान टाकता येणार नाही. अर्थातच सारे गाव उठून पुढे येते! मी दुर्गुणी असलो तरी सद्‌गुणी कथा सांगू शकतो, असे सांगून तो कथेला आरंभ करतो.

इंग्रजीत ज्याला ‘आयरनी’ म्हणतात त्याला आपण उपरोध म्हणतो. मात्र आपल्या ‘उपरोध’ शब्दात बोलण्यातली टोचणीच अधिक आहे. बोलणाऱ्याला किंवा करणाऱ्याला स्वतःच्या शब्दांचा पुरता अर्थ कळत नाही आणि ऐकणाऱ्याला तो कळतो, ही त्याची दुसरी आणि खोल तऱ्हा. पार्डनराच्या कथेत ती पानोपानी आहे.

फ्लँडर्समध्ये तीन उनाड तरुण भल्या सकाळी गुत्त्यात पीत बसले आहेत. बाहेर प्रेतापुढे वाजणारी घंटा ऐकू येते. कोण गेले, असे ते पोऱ्याला विचारतात. पोऱ्या सांगतो : तुमचाच जुना सोबती, काल रात्री बाकावर पिऊन पडला असता मृत्यू नावाचा चोर गुपचूप आला आणि काळजात भाला खुपसून गेला. या साथीत त्याने हजारोंना मारले आहे. त्याची गाठ पडण्याआधी नेहमी तयार असावे, असे मला आईने शिकविले आहे. कथेतला हा सर्वांत लहान माणूस, आणि कथेतले सर्वांत मोठे शहाणपण याच्याजवळ आहे. तो ते सहज, पेला पुढे ठेवावा तसे ठेवून बाजूला होतो. तिघांना त्यातले एवढेच कळते की मृत्यू नावाचा कोणी गुंड आहे आणि त्याला गाठून ठार मारले पाहिजे. एकमेकांसाठी जगू-मरू अशी भावांची शपथ वाहून ते निघतात.

मृत्यूला मारण्याची प्रतिज्ञा! ख्रिस्ती कानाला हे शब्द अनोळखी नाहीत. मृत्यूचा पराभव ज्याने केला त्याची कथा आपण दर ईस्टरला ऐकतो. तिघेजण नकळत त्या प्रतिज्ञेचे विडंबन करीत आहेत. येशू ख्रिस्त मरणातून मृत्यूकडे गेला, हे खंजीर परजीत चालले आहेत.

वाटेत त्यांना एक अतिवृद्ध भेटतो. तो नम्रपणे अभिवादन करतो, हे त्याला दरडावतात. त्याची व्यथा अशी की त्याच्या म्हातारपणाच्या बदल्यात तारुण्य द्यायला कोणी राजी नाही आणि मृत्यूही त्याला नेत नाही. सकाळ-संध्याकाळ तो काठीने जमिनीवर ठोकतो : आई, मला आत घे. या म्हाताऱ्याविषयी पंडितांनी पुष्कळ तर्क लढविले आहेत. तो साक्षात मृत्यू, तो भटका ज्यू, तो जुना पापी मानव. आम्हांला ते सारे तर्क जड वाटतात. जो मृत्यूला शोधतो त्याला तो सापडत नाही आणि जे त्याला मारायला निघाले त्यांना तासाभरात सापडतो, एवढा विरोध उभा करायला एक दमलेला म्हातारा पुरे आहे. ‘मृत्यू कुठे आहे सांग,’ असे ते धमकावतात तेव्हा तो वाकड्या वाटेकडे बोट दाखवितो : त्या राईत झाडाखाली मी त्याला सोडून आलो. म्हातारा खोटे बोललेला नाही.

ओकवृक्षाखाली सुमारे आठ बुशेल सोन्याची नाणी पडलेली असतात. तत्क्षणी ते मृत्यूला विसरतात. चॉसर हे एका वाक्यात सांगून पुढे जातो, आणि वाचकाला मात्र ठाऊक असते की शोध संपला आहे. रात्र होईतो राखण करायची म्हणून चिठ्ठ्या टाकतात. धाकट्यावर पाळी येते. तो भाकर आणि द्राक्षारस आणायला नगरात जातो. मागे राहिलेले दोघे तो परतताच त्याला भोसकण्याचा बेत करतात. तिकडे धाकटा उंदरांसाठी म्हणून विष विकत घेतो, तीन बाटल्यांपैकी दोहोंत कालवितो आणि तिसरी स्वतःसाठी निर्मळ ठेवतो. पुढचे चार ओळींत उरकते. दोघे त्याला मारतात, मग ‘आता बसून पिऊ आणि नंतर याला पुरू’ म्हणतात. एकमेकांसाठी मरण्याची शपथ अशी पुरी होते. भाकर आणि द्राक्षारस हे दोन शब्द ज्याने वेदीसमोर गुडघे टेकून ऐकले आहेत, त्याला या भोजनाचा काटा टोचल्यावाचून राहणार नाही. चॉसर ते बोलून दाखवीत नाही, पार्डनराच्या तर ते गावीही नसावे.

या कथेचे मूळ भारतीय आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेल्या जातककथांत ‘वेदब्भ जातक’ आहे. एक ब्राह्मण मंत्राने रत्नांचा पाऊस पाडतो आणि त्या धनापायी चोरांच्या दोन टोळ्या आपसात कापाकापी करतात. उरतात दोघे. एक भातात विष कालवितो, दुसरा त्याला तलवारीने मारतो आणि तो भात खाऊन स्वतः मरतो. इराण-अरबस्थानातून युरोपपर्यंत या कथेची रूपे सापडतात. किपलिंगने १८९५ साली ‘द सेकंड जंगल बुक’मध्ये तिचाच सांगाडा अंकुशाच्या कथेसाठी वापरला. जातकात प्रेतांची ती रांग पाहून बोधिसत्त्व तात्पर्य सांगतो आणि ते धन दानधर्मात घालवितो. तेथे सांगणारा शुद्ध, म्हणून तात्पर्य शुद्ध. चॉसरने कथा बहुतांशी तीच ठेवली आणि सांगणारा बदलला. ज्याने स्वतः झाडाखालचे सोने सोडलेले नाही, त्याच्याच तोंडी त्याने ती दिली. पार्डनर हा आपल्याच कथेतला चौथा सोबती आहे, आणि विष इतरांच्या बाटलीत आहे अशी त्याची खात्री आहे.

हाच बारकावा ‘कँटरबरी टेल्स’मध्ये अन्यत्रही दिसतो. भिक्षाव्रती संन्याशाच्या कथेत धर्मन्यायालयाचा एक लाचखाऊ चपराशी सैतानाशी भाऊबंदी करतो. चिखलात गाडी रुतलेला गाडीवान घोड्यांना ‘सैतान नेवो’ म्हणतो, तेव्हा चपराशी सैतानाला म्हणतो, घे की! सैतान नकार देतो : तो मनापासून बोललेला नाही. पुढे चपराशी एका म्हाताऱ्या विधवेकडे बारा पेन्स उकळू पाहतो. ती त्याला सैतानाच्या हवाली करते; सैतान तिला विचारतो, हे मनापासून ना? ती म्हणते, होय, त्याने पश्चात्ताप केला नाही तर. तो करीत नाही, आणि जातो. मनातल्या हेतूची चौकशी धर्मन्यायालयाच्या नोकरापेक्षा सैतान अधिक कसोशीने करतो! पापाचे मोजमाप करताना हेतूला काय स्थान आहे हे आमच्यापैकी अनेकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले असेल. ते समजले मात्र या दोन प्रसंगांत, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही.

चॉसरजवळ निष्कलंक उपदेशक नव्हता असे नाही. खेड्यातला गरीब धर्मगुरू आधी आचरतो आणि मग शिकवितो. तो मात्र कथा सांगायलाच नकार देतो आणि पश्चात्ताप, पापनिवेदन व प्रायश्चित्त यांवर दीर्घ गद्य प्रवचन देतो. ते प्रवचन आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी वाचीत नाही, आणि लबाडाची कथा जगभर शिकविली जाते. हाही एक उपरोधच. त्याची कल्पना कवीला असावी असे वाटते.

येथे थोडे आमच्या घरचे बोलतो. आमच्या नियतकालिकांतून येणाऱ्या बोधकथांत सांगणारा नेहमी स्वच्छ असतो. आजोबा, शिक्षक, धर्मगुरू किंवा स्वतः लेखक. पापी माणूस कथेच्या आत असतो, कथेच्या बाहेर कधीच नाही. वाचक सांगणाऱ्याच्या बाजूला बसतो आणि दोघे मिळून पाप्याकडे पाहतात. अशी कथा वाचून उठताना वाचक थोडा समाधानी असतो, आणि हे समाधानच आम्हांला खटकते. चॉसर वाचकाला अशी सुरक्षित जागा देत नाही. पार्डनराची लबाडी कळल्यावर आपण स्वतःला त्या खेडवळ श्रोत्यांपेक्षा शहाणे समजतो. मग कथा सुरू होते आणि दहा-बारा ओळींत आपण सांगणारा कोण हे विसरतो. म्हातारा भेटतो, सोने सापडते, विष कालविले जाते. आपण श्वास रोखून ऐकत असतो. भानावर येतो तेव्हा खेडवळ श्रोत्यांच्याच रांगेत उभे असतो.

तर पाषाणाने सांगितलेल्या ब्रह्मज्ञानाचे काय करावे? शास्त्री व परूशी सांगतात ते करा, पण ते करतात तसे करू नका, असे प्रभूने मत्तयाच्या २३व्या अध्यायात स्वच्छ सांगितले आहे. डोनाटस्‌च्या अनुयायांशी वाद चाललेला असताना संत ऑगस्टिनने योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनांत एक दृष्टान्त दिला. गर्विष्ठ सेवकाच्या हातून वाहणारी कृपा ही दगडी पन्हळीतून जाणाऱ्या पाण्यासारखी : दगडात काहीच उगवत नाही, पण पलीकडचे वाफे भिजतात. वसईच्या बागायतीत पाटाचे पाणी ज्याने पाहिले आहे त्याला हा दृष्टान्त समजावून द्यावा लागणार नाही. आपल्या म्हणीतला पाषाण येथे अचानक उपयोगी ठरतो. गेल्या काही दशकांत जगभरच्या ख्रिस्तसभेला आपल्याच सेवकांविषयी जे ऐकावे लागले, त्यानंतर कित्येक श्रद्धावंतांनी स्वतःला विचारले असेल : ज्याच्या हातून मी संस्कार घेतले तो असा निघाला, मग मला काय मिळाले? ऑगस्टिनचे उत्तर त्यांच्यासाठी आहे. मात्र ते संस्कारांविषयी आहे, आणि ते पन्हळीला दोषमुक्त करीत नाही. पार्डनर नेमकी ही गफलत करतो : माझा हेतू वाईट असला तरी माझ्या प्रवचनाने पुष्कळांना खरा पश्चात्ताप होतो, असे तो जवळजवळ अभिमानाने सांगतो. वाफे भिजतात हे खरे. दगड त्याचे श्रेय मागू लागतो हे हास्यास्पद, आणि भयंकरही.

कथेचा शेवट पाहिला म्हणजे हे भयंकरपण कळते. मरणारे मरतात, पार्डनर पापांचा धिक्कार करतो आणि श्रोत्यांना नेहमीप्रमाणे दान मागतो. ‘मी असे प्रवचन करतो,’ असे म्हणून तो थांबतो आणि एकाएकी वेगळ्याच स्वरात बोलतो : आपल्या आत्म्यांचा वैद्य येशू ख्रिस्त तुम्हांला त्याची क्षमा देवो, कारण तीच सर्वश्रेष्ठ आहे, तुम्हांला मी फसविणार नाही. अमेरिकन विद्वान किट्रेज यांनी १८९३ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात, या क्षणी पार्डनर खरोखर कळवळून बोलत आहे, त्याचा दबलेला सच्चेपणा उफाळून आला आहे, असे प्रतिपादन केले. इतरांना ही पुढच्या विक्रीची पूर्वतयारी वाटते. आम्ही दोन्ही बाजू अनेकदा तपासून पाहिल्या. आमचा कौल किट्रेज यांच्याकडे झुकतो, पण एका अटीवर : पार्डनराला स्वतःलाही ते वाक्य खरे आहे हे कळले असेलच असे नाही. कथेतल्या पोऱ्याप्रमाणे तो खरे बोलून पुढे गेला. फरक इतकाच की पोऱ्याने ते आईकडून ऐकले आणि जपले. पार्डनराने ते शेकडो वेळा विकले.

कारण पुढच्याच ओळीत त्याला ‘एक गोष्ट सांगायची राहिली’ हे आठवते. झोळीत अवशेष आहेत, क्षमापत्रे आहेत. प्रत्येक मैलाला एक नवे घ्या, वाटेत घोड्यावरून पडून कोणाची मान मोडली तर? आणि सर्वांत आधी हॅरी बेलीने पुढे यावे, कारण तोच पापात सर्वाधिक बुडालेला. एक नाणे द्यावे आणि सारे अवशेष चुंबावे. सराईमालक भडकतो. त्याचे उत्तर इतके ओंगळ आहे की त्याचा अनुवाद येथे देता येणार नाही. पार्डनराची लबाडी पाहणारा तो एकटा नाही, सर्वांनीच ती पाहिली आहे. पण ओळखणाऱ्याच्या तोंडून सत्यही चिखल होऊनच बाहेर पडते. इतका वेळ अखंड बोलणारा पार्डनर रागाने गप्प होतो, त्याला एक शब्दही सुचत नाही. यात्रेकरू हसतात.

तेव्हा सरदार मध्ये पडतो. पुरे झाले, म्हणतो. पार्डनरा, हसरा हो, आणि मालक, तुम्ही मला प्रिय आहात, या पार्डनराचे चुंबन घ्या. मिस्सामध्ये शांतीचे चुंबन द्यावे तसे ते दोघे चुंबन घेतात. कोण कोणाला क्षमा करतो आहे, मनापासून की केवळ सरदाराच्या शब्दाखातर, हे चॉसर सांगत नाही. झोळी तशीच आहे, डुकराची हाडे तशीच आहेत. मंडळी घोडे हाकतात आणि कँटरबरीची वाट धरतात.